आसोद्याची बहिणाई

सावद्यास सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे होते. तेथील मायबहिणी हटकून विचारतात, महाराज, बहिणाबाई म्हणजे तुकोबारायांची शिष्या ती, की आपल्या जळगावची? तेव्हा हा उलगडा आधी करू. शिऊरच्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. तुकोबांनी त्यांना स्वप्नात अनुग्रह दिला. आज आम्ही सांगणार त्या बहिणाबाई चौधरी त्यानंतर अडीचशे वर्षांनी, २४ ऑगस्ट १८८० रोजी, जळगावजवळ आसोदे गावी जन्मल्या.

वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, असे भरले घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झाले. पाटी-पेन्सिल काही हाती आली नाही. हाती आला तो जात्याचा खुंटा, विळा आणि सूप. जात्याला त्या बोलीत घरोट म्हणतात. पहाटे घरोट फिरू लागले की पिठाबरोबर ओवीही बाहेर पडे. पेरणी, मोट, उपणणी, आखाजी, पोळा, सुगरणीचा खोपा, जे डोळ्यांपुढे येई त्याचे गाणे होई. एदलाबादच्या मुक्ताईलाही त्यांनी गाण्यात आळविले. जळगावात छापखाना पाहिला, तर त्याचेही गाणे केले. कोरा कागद यंत्रातून निघताच शहाणा होतो, माणसाचे मात्र तसे होत नाही, हे मर्म निरक्षर बाईने ओळखावे, हे नवलच नव्हे काय?

प्रपंच काही सुखाचा नव्हता. अवघ्या तिसाव्या वर्षी कपाळीचे कुंकू पुसले गेले. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन लेकरे पदरात. त्यात ओंकारला प्लेगाने गाठले आणि जन्माचे अपंगत्व दिले. बाई खचली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु बहिणाबाईंनी शेत सोडले नाही, घरोट सोडले नाही, गाणेही सोडले नाही. नशीब सांगायला आलेल्या ज्योतिषाला त्यांनी एका गाण्यात दारातूनच परत धाडले आहे. आपले दैव आपल्याला ठाऊक आहे, ते दुसऱ्याने येऊन सांगायला नको, असा तो करारीपणा. वैराग्य म्हणजे घर सोडणे नव्हे, हे आम्ही कीर्तनात तासभर सांगतो. या माउलीने ते चाळीस वर्षे करून दाखविले.

आता मुख्य गोष्ट. जनाईचे अभंग प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहून घेतले, असे आपली परंपरा सांगते. बहिणाईची गाणी लिहून घेतली ती लेकाने, कवी सोपानदेवांनी, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. ही दोघे कागद घेऊन बसली नसती तर काय उरले असते? ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. पुढे सोपानदेवांनी भीत भीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्र्यांनी सोने ओळखले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले. पण जे कोणी टिपून घेतले नाही, ते दळणाच्या घरघरीत विरून गेले. ते आता कोठून आणावे?

सावदा, फैजपूर, रावेर या टापूत लेवा घरांतून जी बोली चालते, तीच बहिणाबाईंची. पंडितांनी तिला गावंढळ म्हणावे. पण ज्ञानोबारायांनी मराठी जवळ केली तेव्हाही पंडितांचे म्हणणे काही निराळे नव्हते.

हरिभक्तहो, घरोटीची जागा आता विजेच्या चक्कीने घेतली. ओवी म्हणायला निमित्त उरले नाही. पण सावद्याच्या ओसरीवर बसलेल्या एखाद्या आजीच्या कंठात ती अजून जिवंत आहे. नातवंडे शिकली आहेत, हाती लेखणी आहे. तेव्हा माळकऱ्यांनी यंदा एवढा नेम करावा : एकादशीला घरातल्या म्हातारीजवळ बसावे, तिला ओवी म्हणायला लावावी आणि ती जशीच्या तशी, तिच्याच बोलीत, उतरून घ्यावी. शुद्ध करू नये. पांडुरंगाने जे काम कमीपणाचे मानले नाही, ते आपण का मानावे?

रामकृष्ण हरि.