रामचंद्रपंत अमात्य आणि रयतेची झाडे

आपल्या निपाणी परिसरास पाणी देणाऱ्या वेदगंगा व दूधगंगा या नद्या सह्याद्रीच्या दाट पावसाळी रानांतून उतरतात. त्याच डोंगरमाथ्यावर गगनबावडा आहे. तेथील जहागिरी ज्या घराण्याकडे होती, त्यातील थोर पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य होत.

पंत हे नीळो सोनदेव यांचे पुत्र. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी ते अष्टप्रधानांत अमात्य होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला व राजाराम महाराजांस जिंजीकडे जावे लागले. तेव्हा त्यांनी पंतांस ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोपविला. खजिना रिता व शत्रू दाराशी, अशा बिकट काळात पंतांनी स्वराज्य तगवून धरले.

पुढे कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी त्यांनी १७१५ साली ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. त्यातील आरमाराचे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. जहाजे बांधावयाची तर लाकूड हवेच. परंतु पंतांनी त्यासही मर्यादा घातली. रानातील सागवान तोडावयाचे ते सरकारची परवानगी घेऊन. अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा व फणस यांचे लाकूडही आरमारास उपयोगी. तरी त्यांस हात लावू नये, असा त्यांचा दंडक होता. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयत ती लेकराप्रमाणे वाढविते. ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहणार नाही, हे पंत जाणून होते. एखादे झाड जीर्ण झालेच, तर धन्यास राजी करून व मोल देऊन ते न्यावे. बळजोरी सर्वथा करू नये, असे त्यांनी बजाविले.

१७१६ साली पन्हाळ्यावर पंतांचे देहावसान झाले.

पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत राधानगरीचे अभयारण्यही आहे. रान राखावे की रानाकाठच्या माणसांचा संसार, असा वाद आज वारंवार निघतो. पंतांनी या दोहोंत वैर मानले नाही. ज्याने झाड वाढविले त्याचा त्यावरील हक्क मानला, तर तोच त्याचा खरा राखणदार होतो, हा त्यांच्या चरित्राचा बोध आपण सदैव ध्यानी ठेवावा.