वर्गातल्या पोरांचा मार खाणाऱ्या मुलामुळे जगाला ज्युदो-कराटेचा पांढरा ड्रेस मिळाला

संध्याकाळी सहाच्या सुमारास घोडबंदर रोडला लागा. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, कुठल्याही सिग्नलला थांबा. ट्रॅफिक तुंबलेलं असतं आणि त्यात एका स्कूटीवर आईच्या मागे पांढऱ्या ड्रेसमधलं एक पोरगं बसलेलं असतं. कमरेला पिवळा नाहीतर केशरी पट्टा. क्लासला उशीर होतोय म्हणून आई वैतागलेली.

हा ड्रेस शेकडो वर्षं जुना असेल, सामुराई हाच घालून लढत असतील, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाहीये. हा ड्रेस जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे आणि तो घडवण्यामागे एक शाळामास्तर आहे. नाव जिगोरो कानो.

कानोंचा जन्म 1860 चा, जपानच्या मिकागे गावातला. आज हा भाग कोबे शहरात येतो. घरचा धंदा साके, म्हणजे तांदळाची दारू बनवण्याचा. पैशाला कमी नव्हती, पण लहानपणीच आई गेली आणि वडील पोरांना घेऊन टोकियोला आले.

तिथल्या शाळेत कानो अभ्यासात हुशार निघाले. अडचण होती ती अंगकाठीची. उंची पाच फूट दोन इंच, वजन चाळीस किलोच्या आसपास. दांडगट पोरांनी त्यांना धरून बडवायचं हे ठरलेलंच.

कोणीतरी सांगितलं की ज्युजुत्सू नावाची जुनी कुस्ती आहे, तिच्यात लहान चणीचा माणूस मोठ्याला लोळवू शकतो. पण तोवर जपानला पाश्चात्त्य गोष्टींचं वेड लागलं होतं. सामुराईंचा काळ संपला होता आणि ज्युजुत्सूचे उस्ताद पोटापाण्यासाठी दुसरे धंदे करत होते. वडिलांचाही विरोध होता. शेवटी 1877 साली, टोकियोच्या विद्यापीठात दाखल झाल्यावर, त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू भेटले.

फुकुदांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. हा डाव कसा केला असं कानोंनी विचारलं की ते उत्तर म्हणून पुन्हा एकदा आपटायचे. त्या काळात सरावाचा अंगरखा आखूड बाह्यांचा आणि विजार गुडघ्याच्या वर असायची. चटईवर घासून कोपर-गुडघे सोलले जायचे. कानोंनी तेव्हा वापरलेला अंगरखा कोदोकानने जपून ठेवला आहे. तो जागोजागी फाटलेला आणि पुन्हा पुन्हा शिवलेला आहे.

1882 साली कानोंनी टोकियोच्या एइशोजी मंदिरात स्वतःचा आखाडा काढला. जागा फक्त बारा चटयांची, विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हेच ते कोदोकान. ज्युजुत्सूतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढले, पडायचं कसं हे आधी शिकवलं आणि या विद्येला नाव दिलं ज्युदो.

आता मुद्दा ड्रेसचा.

आपल्या लाल मातीतल्या कुस्तीत पैलवान लंगोटावर उतरतो. पकड अंगाची असते. ज्युदोत उलटं आहे. तिथे समोरच्याची कॉलर आणि बाही धरूनच त्याचा तोल घालवायचा. म्हणजे कपडा हेच हत्यार. तो आखूड असला की पकड नीट मिळत नाही, पातळ असला की फाटतो. म्हणून 1907 च्या सुमारास कोदोकानमध्ये बाह्या आणि विजार लांब झाल्या. कापड जाड विणीचं, सुती, बिनरंगाचं. घरचा श्रीमंत असो की गरीब, चटईवर सगळे सारखे.

पट्ट्याचंही तसंच. 1883 साली कानोंनी दोन शिष्यांना पहिली दान पदवी दिली, तेव्हा वेगळा पट्टा नव्हता. काळा पट्टा 1886 पासून आला. मधले पिवळे-केशरी रंग तर 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशींनी रूढ केले.

मग कराटेत हा ड्रेस कसा आला?

1922 साली ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी कराटे दाखवायला टोकियोत आले. कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं. ओकिनावात कराटेला ठरलेला पोशाखच नव्हता. फुनाकोशींनी कानोंचा ड्रेस आणि दान पदव्या दोन्ही उचलल्या. फक्त कापड हलकं झालं, कारण कराटेत धरपकड कमी आणि हातापायांचा वेग जास्त.

पालकांची गफलत इथेच होते. दिसायला दोन्ही ड्रेस सारखे, पण कराटेचा पातळ ड्रेस ज्युदोच्या ओढाताणीत टिकत नाही आणि ज्युदोचा जाड ड्रेस घालून लाथा मारताना पोर घामाघूम होतं. त्यामुळे आधी क्लासमध्ये विचारा, मग घ्या. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेही धरून चाला. पण वाढत्या अंगाचा म्हणून फार मोठा घेऊ नका, विजार पायात येऊन पोर पडेल. ज्युदोच्या स्पर्धेत बाही मनगटापर्यंत लागते. कराटेत ती मनगटाच्या पुढे चालत नाही.

कानो पुढे टोकियोच्या शिक्षक महाविद्यालयाचे अनेक वर्षं प्रमुख होते. 1909 साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे आशियातले पहिले सदस्य झाले. त्यांच्या कोदोकानचे शिंझो ताकागाकी 1929 साली रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले होते.

1940 चं ऑलिम्पिक टोकियोला मिळावं म्हणून कानो म्हातारपणी जगभर फिरले. कैरोच्या बैठकीहून परतताना, 4 मे 1938 रोजी, हिकावा मारू जहाजावर न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. दोनच महिन्यांत युद्धामुळे जपानने ते ऑलिम्पिक सोडून दिलं.

ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला 1964 साली, टोकियोतच. सिडनीच्या 2000 च्या ऑलिम्पिकपासून दोघांपैकी एक खेळाडू निळ्या ड्रेसमध्ये उतरतो, म्हणजे पंचांना आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना फरक कळावा. जपानचा याला बराच विरोध होता. कोदोकानमध्ये मात्र आजही रंग पांढराच आहे.

घोडबंदर रोडच्या त्या स्कूटीवरही तोच. फक्त आता बाह्या लांब आहेत, त्यामुळे पोरगं घरी येतं तेव्हा कोपर सोललेलं नसतं.