प्रार्थना आणि पिस्तूल

खानापूर तालुक्यात माझे आजोळ आहे. लहानपणी सहामाहीच्या सुट्टीत आम्ही भावंडे तेथे जात असू. खंडेनवमीला आजोबा घरातली सगळी आयुधे अंगणात मांडीत. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि या सर्वांच्या मधोमध पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली जुनी ठासणीची बंदूक. तिला हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई. पूजा आम्हा मुलांच्या ओळखीची होती, तिचे नवल वाटत नसे. नवल वाटे ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. भात लोंबीवर आले की रानडुकरांचा उपद्रव सुरू होई, आणि आजोबा रात्री बंदूक घेऊन शेतावर निघत. निघण्यापूर्वी ते घोंगडीखाली बंदूक धरून तुळशीपाशी बराच वेळ उभे राहत. त्यांचे ओठ हलत, पण शब्द ऐकू येत नसत. ते देवाकडे काय मागत असतील, हा प्रश्न माझ्या बालमनात त्या वेळी रुतून बसला. त्याचे उत्तर मला पुढे मिळाले, ते शेवटी सांगेन. आज तो प्रश्न आठवण्याचे कारण वेगळेच आहे.

आमच्या पदवीवर्गात अमेरिकेचा इतिहास शिकविताना गुलामगिरीचे प्रकरण येते आणि त्यात हॅरिएट टबमन हे नाव येते. एकदा हा भाग संपवून मी पुस्तक मिटणार तोच मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले की, या बाईचा प्रार्थनेवर एवढा विश्वास होता तर तिने पिस्तूल का बाळगले, आणि पिस्तुलावर विश्वास होता तर प्रार्थना कशासाठी केली? तास संपला होता. मी काहीतरी जुजबी उत्तर देऊन बाहेर पडलो. ते उत्तर मला स्वतःलाच पटले नव्हते. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे.

हॅरिएटचा जन्म 1822 च्या सुमारास मेरीलँड राज्याच्या डॉर्चेस्टर परगण्यात झाला. गुलामांच्या जन्माची नोंद माणसाची म्हणून होत नसे, मालमत्तेची म्हणून होई. त्यामुळे नेमकी तारीख इतिहासाला ठाऊक नाही. जन्मनाव अरामिंटा रॉस, लाडाचे नाव मिंटी. वडील बेन इमारती लाकडाच्या कामात वाकबगार, आई रिट मालकाच्या घरी राबणारी. मालकाचे नाव एडवर्ड ब्रोडेस. त्याने मिंटीच्या तीन बहिणी दूर दक्षिणेत विकल्या, त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. धाकट्या मुलाला विकत घेण्यासाठी व्यापारी आला तेव्हा मात्र रिटने मुलाला रानात लपविले, आणि जो प्रथम उंबरठा ओलांडील त्याचे डोके फोडीन असे मालकाला बजावले. तो सौदा फिसकटला. प्रतिकार हा शब्द या मुलीने पुस्तकात वाचला नाही, तो तिने आईच्या दारात पाहिला.

वयाच्या सहासात वर्षांपासून तिला परक्यांकडे कामाला पाठविले जाई. अंगात गोवर असताना थंडगार दलदलीत उतरून सापळे तपासण्याचे कामही तिने केले. पुढे दहाबारा वर्षांची असताना एका दुकानात तो प्रसिद्ध प्रसंग घडला. पळू पाहणाऱ्या एका गुलामाला बांधण्यास मदत करण्याचे तिने नाकारले. मुकादमाने त्या गुलामावर फेकलेले दोन पौंडांचे लोखंडी वजन हिच्या डोक्यावर बसले. ती वाचली, पण बोलता बोलता, चालता चालता मध्येच गाढ झोप लागण्याचा विकार तिला जन्मभर जडला. त्याच काळापासून तिला दृष्टान्त होऊ लागले. देव आपल्याशी बोलतो, अशी तिची श्रद्धा दृढ झाली. ती लिहावाचायला कधीच शिकली नाही. बायबल तिने केवळ कानांनी ऐकले. तिची प्रार्थना रविवारपुरती नव्हती. तोंड धुताना आपले पाप धुऊन जावे, झाडू मारताना मनातला केर निघावा, असे ती प्रत्येक कामागणिक मागत असे. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायका देवाशी बोलत, त्यातलाच हा प्रकार.

1844 च्या सुमारास जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी तिचे लग्न झाले आणि तिने आईचे हॅरिएट हे नाव धारण केले. यानंतरची हकीकत मला तिच्या चरित्राचा गाभा वाटते. 1849 च्या आरंभी ती आजारी होती आणि ब्रोडेस तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधीत होता. तिने त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्याचे मन पालटावे, तो माणसात यावा, असे ती कित्येक आठवडे रात्रंदिवस मागत राहिली. पुढे बातमी आली की, तिला आणि तिच्या भावांना साखळदंडात दक्षिणेकडे पाठविणार. मग तिने प्रार्थना बदलली. हा माणूस पालटणार नसेल तर त्याला उचल, असे तिने देवाला सांगितले. मार्च महिन्यात ब्रोडेस खरोखरच मेला.

दुसऱ्या एखाद्याने याला देवाचा न्याय म्हणून आनंद मानला असता. हॅरिएट हादरली. आपण एका जिवाचे मरण मागितले, ही टोचणी तिला लागली. त्याला परत आणता आले असते तर आपण सर्वस्व दिले असते, असे ती पुढे सांगत असे. ज्याने तिच्या बहिणी विकल्या त्या माणसाबद्दल हा पश्चात्ताप होता, हे लक्षात घ्या. तिने हातात कोणतेही शस्त्र घेतले नव्हते, केवळ इच्छा केली होती. माणूस मरावा ही इच्छासुद्धा किती जड असते, हे तिला पिस्तूल हाती येण्याच्या कितीतरी आधी कळले होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती दोन भावांबरोबर पळाली. मालकिणीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी 100 डॉलर बक्षीस. वाटेत भावांचा धीर सुटला. ते माघारी फिरले आणि त्यांनी तिलाही परत आणले. थोड्याच दिवसांत ती एकटी निघाली, रात्री ध्रुवताऱ्याकडे पाहत चालली, आणि फिलाडेल्फियास पोचली. ती स्वतंत्र झाली, पण त्या स्वातंत्र्यात स्वागताला आपले माणूस एकही नव्हते. आईवडील आणि भावंडे मेरीलँडलाच होती. तेव्हा तिने ठरविले की परत जायचे.

पळून आलेल्या गुलामांना वाट दाखविणारी, घरोघर आसरा देणारी एक गुप्त साखळी त्या काळी होती. तिला अंडरग्राउंड रेलरोड, म्हणजे भुयारी रेल्वे म्हणत. तिला ना रूळ होते ना इंजिन. 1850 ते 1860 या दहा वर्षांत हॅरिएट या मार्गाने सुमारे 13 वेळा मेरीलँडला गेली आणि सुमारे 70 माणसांना घेऊन आली. जुन्या चरित्रांत 19 फेऱ्या आणि 300 माणसे असा आकडा असे, तो अलीकडच्या संशोधनाने कमी केला आहे. आकडा घटल्याने तिचे मोठेपण घटत नाही. 1850 च्या कायद्याने उत्तरेतील राज्यांतूनही पळालेल्यांना पकडून परत पाठविणे अधिक सोपे झाले, तेव्हा तिने माणसे थेट कॅनडात सेंट कॅथरिन्सपर्यंत नेली. ती बहुधा हिवाळ्यात जाई, कारण रात्री मोठ्या असत. शनिवारी रात्री निघे, कारण सोमवारपर्यंत जाहिरात छापून येत नसे. तान्ह्या मुलांना रडू नये म्हणून अफूचे औषध देई. आणि जवळ पिस्तूल बाळगी. गुलामाच्या हाती शस्त्र त्या राज्याला मान्य नव्हते, म्हणून ते लपवूनच न्यावे लागे.

हे पिस्तूल पाठलाग करणाऱ्यांसाठी होते, हे समजण्यासारखे आहे. पण ते आपल्याच माणसांसाठीही होते. एखादा वाटेत थकला, घाबरला, मागे फिरतो म्हणू लागला, तर ती पिस्तूल त्याच्यावर रोखी आणि पुढे चल नाहीतर मर असे सांगे. परतणारा एक माणूस फटक्यांखाली सगळ्यांची नावे आणि आसऱ्याची घरे सांगून टाकील, हे तिला ठाऊक होते. ज्या दोन भावांनी 1849 मध्ये तिला माघारी आणले होते त्यांची आठवणही तिच्या मनात असावी, असे मला वाटते. त्या फेऱ्यांत तिने कुणावर गोळी झाडल्याचा उल्लेख नाही. तिच्यामागून आलेला एकही माणूस पकडला गेला नाही. तरीही हा प्रसंग मला अस्वस्थ करतो. भेदरलेल्या, उपाशी माणसाच्या छातीवर नळी टेकणारी ही प्रार्थनेतली स्त्री आहे, हे मी विसरू शकत नाही आणि तुम्हीही विसरू नये.

विल्मिंग्टन शहरातले थॉमस गॅरेट यांच्या घरी ती अनेकदा थांबे. ते क्वेकर पंथाचे होते. शस्त्र न धरणे हा त्या पंथाचा कटाक्ष. 1848 मध्ये गुलामांना आसरा दिल्याबद्दल न्यायालयाने त्यांना जबर दंड केला, तरी त्यांनी आपले दार बंद केले नाही. देवाच्या वाणीवर हॅरिएटइतका विश्वास असलेला माणूस आपल्या पाहण्यात नाही, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले. शस्त्र वर्ज्य मानणारा आणि शस्त्र बाळगणारी यांनी एकाच कामासाठी एकाच देवाची प्रार्थना केली. कोण बरोबर, याचा निकाल देण्याची माझी पात्रता नाही.

1854 च्या नाताळची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. हॅरिएट आपल्या तीन भावांना न्यायला आली. आईवडिलांच्या झोपडीजवळच्या कणसांच्या कोठारात सगळे लपले. म्हातारी आई मुले सणाला येतील म्हणून वाट पाहत होती, पण तिला कळविले तर ती आकांत करील, म्हणून कळविले नाही. हॅरिएटने आईला फटीतून पाहिले आणि ती गप्प राहिली. वडिलांनी जेवण आणून दिले. निरोप द्यायला ते थोडे अंतर चालतही आले, पण डोळ्यांवर फडके बांधून. उद्या शोध घेणारे आले तर मुलांना पाहिले नाही, असे त्यांना खरेपणाने सांगता यावे म्हणून! पुढे 1857 मध्ये हॅरिएटने या दोघांनाही सोडवून नेले. 1860 च्या अखेरच्या फेरीत मात्र बहीण राशेल आधीच वारली होती, आणि तिच्या दोन मुलांना सोडविण्यासाठी लाच म्हणून लागणारे 30 डॉलर हॅरिएटजवळ नव्हते. ती मुले मागेच राहिली. पिस्तूल होते, प्रार्थना होती, 30 डॉलर नव्हते. अशा रात्री तिने देवाला काय विचारले असेल?

यादवी युद्धात तिने सैन्यासाठी शुश्रूषा आणि हेरगिरी केली. 2 जून 1863 रोजी साऊथ कॅरोलिनातील कंबाही नदीवरच्या चढाईत ती वाटाड्या होती. त्या एका रात्रीत 700 हून अधिक गुलाम मुक्त झाले. सरकारने तिला निवृत्तिवेतन देण्यास मात्र अनेक दशके लावली. 1899 पासून तिला महिना 20 डॉलर मिळू लागले. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे ती राहिली, तेथे तिने निराधार वृद्धांसाठी घर उघडविले आणि त्याच घरात 10 मार्च 1913 रोजी तिने देह ठेवला. 2024 मध्ये मेरीलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. हॅरिएटची प्रार्थना म्हणजे पिस्तुलाला घेतलेला परवाना नव्हता, असे मी समजतो. ब्रोडेसच्या मृत्यूनंतर तिला मरण मागण्याची भीती वाटू लागली होती. पिस्तुलाची गरज पडू नये यासाठी ती सारी बुद्धी खर्च करी. रात्र निवडणे, वार निवडणे, पायवाट बदलणे, हे सारे त्यातच आले. तरीही गरज पडलीच तर त्या कृत्याचा हिशेब आपल्याच माथी आहे, हे ती जाणून होती. प्रार्थनेने तिचे ओझे हलके झाले नाही, उलट तिला ते विसरता आले नाही.

आणि आजोबांचे उत्तर? बारावीत असताना मी एकदा धीर करून त्यांना विचारले. ते म्हणाले की, देवाकडे काही मागत नाही, नावे घेतो. आज रात्री कोणत्या मचाणावर कोण राखणीला आहे, कुणाचा पोरगा पाणी पाहायला ओढ्याकडे गेला असेल, कुणाची गाय सुटली आहे, ती सगळी नावे एकेक करून घ्यायची. सगळी आठवली तरच वाट धरायची. एखादे नाव आठवले नाही तर त्या रात्री बंदूक घरीच राही.