जगदीशचंद्र बोस
सर जगदीशचंद्र बोस (जन्म : ३० नोव्हेंबर १८५८, मृत्यू : गिरिडीह, २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रेडिओतरंग एकाच दिशेने पाठवणारी व टिपणारी उपकरणे त्यांनी स्वतः घडवली.

जीवन
कलकत्ता व केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन मिळत असल्याने त्यांनी निषेध म्हणून ३ वर्षे वेतन घेतले नाही. अखेर त्यांना समान वेतन मिळाले. महाविद्यालयात संशोधनाची सोय नव्हती. त्यांनी एका छोट्या खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या स्थानिक कारागिराच्या मदतीने उपकरणे तयार केली.

दिशादर्शी अँटेना
अँटेनाचे तोंड तरंगलांबीच्या तुलनेत जितके रुंद, तितका तरंगांचा झोत अरुंद होतो. हर्ट्‌झ यांच्या प्रयोगांतील लांब तरंगांसाठी मोठे परावर्तक लागत. बोस यांनी धातूच्या लहान गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतचे तरंग निर्माण केले. त्यामुळे संपूर्ण मांडणी मेजावर मावू लागली. हे तरंग पोकळ धातुनळीतून नेले जात आणि ग्राहकाच्या तोंडाशी बसवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यातून गोळा केले जात. हे नरसाळे म्हणजे आजच्या हॉर्न अँटेनाचे पूर्वरूप होय. तरंगांच्या ध्रुवणासाठी त्यांनी पिळलेला ताग आणि पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही वापरले.

१८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी भिंतीपलीकडे तरंग पाठवून घंटा वाजवून दाखवली व बंदुकीची दारू पेटवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे सादर केली.

पुढील काळ
शोधांतून धन मिळवणे त्यांना मान्य नव्हते. तरी मित्रांच्या आग्रहामुळे गॅलेना स्फटिकाच्या ग्राहकासाठी त्यांनी अमेरिकेत अर्ज केला व १९०४ मध्ये एकस्व मिळाले. दरम्यान दूरवरच्या संदेशवहनासाठी लांब तरंगांना महत्त्व आले आणि बोस वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले. त्यांची नळी व नरसाळे मागे पडले. १९३० च्या दशकात इतर संशोधकांनी ती नव्याने शोधली. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

वारसा
रुंदी व तरंगलांबी यांचे हेच गणित पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीस लागू पडते. तेथे मीटरभर लांबीच्या तरंगांसाठी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या लागतात. बोस यांना मिलिमीटर तरंगांसाठी हातभराचे नरसाळेही मोठे ठरले असते.