नाताळचे घर आणि लक्ष्मीबाई टिळक

प्रभूच्या जन्माचा सण आता जवळ येऊन ठेपला आहे. गावोगावी आपल्या मंडळीतील घरांच्या भिंतींना रंग दिला जात आहे, अंगणे सारवली जात आहेत, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण व रंगीत कागदाच्या पताका लागत आहेत. मुले बांबूच्या कामट्यांचा तारा करून त्याला पातळ कागद चिकटवीत आहेत. स्वयंपाकघरात करंज्या, लाडू व शंकरपाळे यांची लगबग सुरू झाली आहे. नाशिकजवळच्या एकलहरे या गावाचे नाव वीजकेंद्रामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिकडे व आसपासच्या खेड्यांत आता ताऱ्याच्या आत मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा लावतात. ही सारी तयारी आनंदाची आहे आणि ती व्हावी हे योग्यच आहे.

परंतु घर सजून झाले, ताटे मांडून झाली, की एक प्रश्न पुष्कळ घरांत मुकाट्याने उभा राहतो. पंगतीला कोण बसणार? आपण प्रभूकडे आलो त्या वेळी जो भाऊ रागाने निघून गेला, जी बहीण त्या दिवसापासून उंबरठ्याशी आली नाही, जे सासूसासरे अजून आपल्या घरचे अन्न घेत नाहीत, त्यांना बोलवावे की न बोलवावे? बोलावले आणि ते आले नाहीत तर अपमान. आले आणि जेवले नाहीत तर दुःख. म्हणून पुष्कळजण बोलावतच नाहीत. असा संकोच ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी आज आम्ही एका बाईचे चरित्र सांगणार आहो. ही बाई प्रथम उंबरठ्याबाहेर उभी राहिली होती आणि पुढे तिने स्वतःचा उंबरठा जन्मभर उघडा ठेवला. ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

एकलहऱ्यावरून वाहणारी गोदावरी नाशिक शहर ओलांडून येते. शहराच्या वरच्या अंगास, याच नदीच्या काठी, जलालपूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गोखले यांच्या घरी १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. वडील नारायणराव गोखले सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत फार कडक होते. विटाळाची धास्ती त्यांच्या मनाने अशी काही घेतली होती, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेतला जात नसे, आणि या धुण्यापुसण्यात घरातील बायकामुलांचे हाल होत. परका मनुष्य तर दूरच, परक्याचा स्पर्श झालेली वस्तूही ज्या उंबरठ्यावर अडत असे, अशा घरात ही मुलगी वाढली. हे नीट ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढे तिने किती लांबचा प्रवास केला ते कळेल.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धीने तेजस्वी, मनाने उदार, परंतु स्वभावाने अस्थिर. आज येथे, उद्या तेथे. हातात आलेला पैसा घरी पोचेलच याचा भरवसा नसे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मुळीच मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हाताखाली. मुले झाली; काही लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला दत्तू, म्हणजे देवदत्त, मात्र वाचला.

१८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची व टिळकांची गाठ पडली. त्याने त्यांना पवित्र शास्त्र वाचण्यास दिले. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या अंतःकरणाची पकड घेतली, आणि दीर्घ विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपल्या वाचकांना ही हकीकत ठाऊकच आहे. परंतु आपण ती बहुधा टिळकांच्या बाजूने ऐकतो. आज ती लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहावी.

त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी तीन-चार वर्षांचे मूल. पती जिवंत, परंतु समाजाच्या दृष्टीने गेल्यासारखाच. धड सौभाग्य नाही, धड वैधव्य नाही, अशी त्यांची स्थिती झाली. दुःखाने त्या खंगल्या, आजारी पडल्या. बहीण भिकूताई व मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आधार दिला, आणि नातलगांच्या आश्रयाने त्यांनी पुढील चार-पाच वर्षे काढली. टिळकांची पत्रे येत. धर्म बदलला तरी पत्नीवरील त्यांचे प्रेम बदलले नव्हते. परंतु मध्ये एक भिंत उभी होती आणि ती एका दिवसात पडणारी नव्हती.

अखेर पतिप्रेमाचा जय झाला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरास पतीकडे आल्या. पण त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे सोबत आणले. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, वागणूक पूर्वीचीच. विचार करा, बंधूंनो! ज्या मनुष्याने ख्रिस्तासाठी घरदार, जात व नाव यांवर पाणी सोडले, त्याच्याच घरात त्याची पत्नी त्याच्या हातचे पाणी घेत नाही. टिळकांनी काय केले? त्यांनी पत्नीला तिच्या रीतीने राहू दिले. तिच्या सोवळ्याच्या आड ते आले नाहीत आणि प्रीतीच्या नावाखाली त्यांनी तिच्यावर सक्तीही केली नाही. अंतःकरण उघडण्याचे काम देवाचे आहे हे जाणून त्यांनी धीर धरला.

या धीराचे फळ आले. नगर व राहुरी येथील मंडळीत राहून लक्ष्मीबाई पाहत होत्या. ज्यांना त्या हलके समजत आल्या होत्या त्या माणसांचे वागणे, त्यांची प्रीती, त्यांचे दुःख त्यांना जवळून दिसू लागले. मनात प्रश्न उठू लागले. हा जातिभेद केला कोणी? देवाने पशुपक्ष्यांना निरनिराळे आकार दिले हे खरे, परंतु माणसामाणसाच्या देहात तर त्याने काही फरक ठेवलेला दिसत नाही. मग हा भेद माणसानेच केला असला पाहिजे. एकदा अशी खात्री पटल्यावर या बाईने मागे पाहिले नाही. ज्याच्या त्याच्या हातचे अन्नपाणी त्या घेऊ लागल्या. विशेष हे की जातीचे बंधन त्यांनी प्रथम तोडले आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली, राहुरी येथे घेतला. कोणी ओढून आणले म्हणून त्या आत आल्या नाहीत. दार उघडे दिसले आणि पाय आपोआप आत पडला.

येथून चरित्राचा दुसरा भाग सुरू होतो. जी बाई बाहेर उभी होती ती आता घराची यजमानीण झाली. घर तरी कसे! त्या सालच्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला होता आणि अनाथ मुले वाऱ्यावर पडली होती. टिळकांना कोणाचे दुःख पाहवत नसे. ते ज्याला त्याला घरी घेऊन येत. विद्यार्थी, उपदेशक, कवी, निराधार मुले, वाटसरू अशी माणसे त्या घरात सदा असत. पगार बेताचा आणि तोही पुरता हाती लागेल तर शपथ. चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाच ठाऊक की पीठ किती आहे व तोंडे किती. लक्ष्मीबाई चिडत, भांडत, आणि मग हसून पुन्हा तवा चढवीत. त्यांच्या पाहुणचारात साधुत्वाचा आव नव्हता. होती ती थट्टा, काटकसर आणि माया. नगरास प्लेगची साथ आली तेव्हा मिशनच्या आजारी मुलींची शुश्रूषा करण्यासही त्या पुढे झाल्या. एके काळी धुतल्याशिवाय ज्या हातांना कशाला शिवण्याची मुभा नव्हती, त्याच हातांनी त्यांनी रोग्यांची सेवा केली.

या घरच्या एका पाहुण्याची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाच्या कवितेने सर्वांना मोहून टाकले. तोच पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी आणले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे मानले. तो हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. त्यामुळे त्याच्यावरील मायेत काही उणे पडले नाही. त्या माणसाळलेल्या घराची ऊब त्याला मिळाली, आणि मराठी भाषेला त्याच्या निसर्गकविता मिळाल्या. १९१८ साली, सत्तावीस वर्षांचा असताना, आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला, तेव्हा या घरात पुत्रशोक झाला.

पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, काही काळ कराचीत काढला, आणि शेवटी ज्या नाशिकाजवळ जन्म झाला त्याच नाशिकात त्या मुलानातवंडांसह येऊन राहिल्या. टिळकांनी प्रभूचे चरित्र काव्यात लिहिण्यास घेतले होते. त्या ख्रिस्तायनाचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने त्याचे साठांहून अधिक अध्याय रचले. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांच्या आग्रहावरून तिने आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्याच स्मृतिचित्रे या नावाने १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाल्या. आज महाराष्ट्रातील सर्व धर्मांचे लोक ते पुस्तक आपलेपणाने वाचतात. याचे कारण असे, की त्यात दुसऱ्याला कमी लेखणारा शब्द नाही. जुन्या घरातील माणसांविषयीही तक्रारीपेक्षा प्रेमच अधिक आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

आता आपल्या नाताळाकडे वळू. लक्ष्मीबाईंच्या चरित्रावरून सण साजरा करण्याविषयी तीन गोष्टी आपण शिकाव्यात.

पहिली ही, की आमंत्रण अवश्य द्यावे. प्रभूच्या जन्माच्या रात्री उतारशाळेत जागा नव्हती. आपल्या घरात कोणासाठी जागा नाही असे होऊ नये. निरोप दुसऱ्याच्या हाती न पाठविता घरच्या कर्त्याने स्वतः जाऊन बोलवावे. भाऊ या वर्षी आला नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा जावे. टिळकांनी चार-पाच वर्षे वाट पाहिली. आपण एका नकाराने का खचावे?

दुसरी ही, की आलेल्या पाहुण्यावर जबरदस्ती करू नये. कोणी आपल्या ताटात जेवण्यास तयार नसेल तर डोळ्यांत पाणी आणून वा टोमणा मारून त्याला जेवावयास लावू नये. आपल्याकडे शिधा देण्याची जुनी चाल आहे; तांदूळ, डाळ, गूळ द्यावा, फळ द्यावे, जवळ बसून मुलाबाळांची विचारपूस करावी. जातिभेद पाप आहे हे आपण जाणतो व ते उघड सांगतो. परंतु सणाच्या दिवशी पाहुण्याला वादात हरविणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. ज्या बाईने एकदा पतीच्या घरचे पाणी नाकारले तीच पुढे शेकडोंची अन्नदात्री झाली, हे विसरू नये.

तिसरी ही, की सजावट आपल्या ऐपतीची असावी. कर्ज काढून दिव्यांच्या माळा लावाव्यात आणि मग पाहुण्यांना चहा देण्यास हात आखडावा, हे बरे नव्हे. सारवलेले अंगण, त्यावर रांगोळी, दारात एक तारा व घरात पुरेसे पीठ, एवढे असले की घर सजले. ज्या वर्षी पाहुणे अधिक व पैसा कमी असेल त्या वर्षी करंज्या थोड्या कराव्यात आणि पंगत मोठी करावी.

गव्हाणीत निजलेल्या बाळाला पाहण्यास मेंढपाळ आले आणि दूर देशचे मागीही आले. त्यांची जात, त्यांचा देश वा त्यांचा पूर्वीचा धर्म कोणी दारात विचारला नाही. गोदावरीच्या काठी ज्या मुलीच्या घरी धान्यही धुऊन आत घेत, तिच्या हाताने देवाने पुढे किती जणांची ताटे वाढविली! तोच देव आपल्याही घरांचे उंबरठे या नाताळात रुंद करो, दुरावलेली पावले त्यावरून आत आणो, आणि प्रत्येक पंगतीत स्वतः येऊन बसो. आमेन.