आचार्य जगदीशचंद्र बोस

लाजाळूचें पान स्पर्श होतांच कां मिटतें, या साध्या प्रश्नापाशीं जगदीशचंद्र बोस वर्षानुवर्षें बसून राहिले. जन्म १८५८ सालचा, बंगाल्यांतला. पदार्थविज्ञानाची गोडी लागली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत, फादर लाफाँ यांच्या प्रयोगांमुळें. वनस्पतींतही विद्युत्संदेश उत्पन्न होतो, असें त्यांनीं १९०१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडिलें. पण नामांकित शरीरशास्त्रज्ञांचा विरोध झाला व निबंध छापला गेला नाहीं. बोस डगमगले नाहींत. त्याच सोसायटीनें १९२० सालीं त्यांस सभासद करून घेतलें. १९३७ सालीं ते निवर्तले. त्यांचीं कांहीं अनुमानें अतिरेकी होतीं खरीं; हें मात्र टिकलें. पेशींच्या पडद्यांत विद्युद्भारित कणांकरितां सूक्ष्म द्वारें असतात. पान मिटण्यापूर्वीं कॅल्शियमची लाट व विद्युत्संदेश जोडीनें धांवतात, हें जपानी संशोधकांनीं २०२२ सालीं लाजाळूवरच दाखविलें.