चित्रेची जोडी मोजणारे हॅनबरी ब्राउन

कॅम्प-1 (भिलाई), 31 ऑगस्ट : पोलाद कारखान्याच्या उजेडाने भिलाईचे रात्रीचे आकाश फिकट होत असले, तरी ऑगस्टअखेरीस सूर्यास्तानंतर कॅम्प-1 परिसरातून पश्चिमेला चित्रा तारा ओळखता येतो. चैत्र महिन्याला नाव देणारी ही चित्रा वस्तुतः दोन महाकाय ताऱ्यांची जोडी आहे. सुमारे 4 दिवसांत ते एकमेकांभोवती फिरतात. वर्णपटावरून ही जोडी 1890 मध्येच कळली होती. मात्र त्यांच्यातील कोनीय अंतर एका विकलेच्या दोन सहस्रांशांहूनही कमी असल्याने दुर्बिणीतून ते वेगळे दिसत नव्हते. हे अंतर मोजण्याचे श्रेय रॉबर्ट हॅनबरी ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांना जाते.

हॅनबरी ब्राउन यांचा जन्म 31 ऑगस्ट 1916 रोजी निलगिरीतील अरुवनकाडू येथे झाला. तेथील कॉर्डाइट कारखान्यात त्यांचे वडील अधिकारी होते. तरुणपणी त्यांनी ब्रिटनमध्ये विमानांवरील रडार विकसित करण्याचे काम केले आणि 1949 मध्ये ते जॉड्रेल बँक वेधशाळेत दाखल झाले. दोन ठिकाणी पोहोचणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशलहरी एकत्र आणण्याऐवजी त्या प्रकाशाच्या तीव्रतेतील चढउतारांची तुलना करावी, ही कल्पना त्यांनी गणिती रिचर्ड ट्विस यांच्यासह विकसित केली. दोन आरशांमधील अंतर वाढवत नेले की चढउतारांतील साम्य घटते आणि त्यावरून ताऱ्याचा व्यास निघतो.

अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे पुंजवादाच्या विरुद्ध वाटले. काहींनी केलेल्या प्रयोगांत हे साम्य आढळलेच नाही. त्यांची उपकरणे पुरेशी संवेदनक्षम नव्हती. दोघांनी प्रयोगशाळेत परिणाम सिद्ध केला आणि सर्चलाइटचे जुने आरसे वापरून व्याधाचा व्यास मोजला. दोन्ही निष्कर्ष 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. या वादातूनच पुंज प्रकाशिकीला मोठी चालना मिळाली.

पुढे ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे 188 मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर फिरणारे दोन प्रचंड परावर्तक उभे राहिले. आरशांचा दर्जा ओबडधोबडच होता, पण या पद्धतीला तेवढा पुरत असे. 1972 पर्यंत तेथे 32 ताऱ्यांचे व्यास मोजले गेले. चित्रेच्या बाबतीत साम्याचा आलेख कक्षेतील स्थानानुसार बदलत असे. या मोजमापाला वर्णपटातील वेगांची जोड दिल्यावर दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने आणि चित्रेचे अंतरही थेट मिळाले. उणीव एकच, पण मोठी होती : केवळ तेजस्वी, तप्त ताऱ्यांपुरतेच हे यंत्र उपयोगी होते आणि एकेका ताऱ्यासाठी अनेक रात्री खर्च होत.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे ते 1982 ते 1985 या काळात अध्यक्ष होते. त्यांच्या कार्यकाळाची सांगता करणारे अधिवेशन जन्मभूमी भारतातच, नवी दिल्लीत भरले. 16 जानेवारी 2002 रोजी त्यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. अमेरिकेतील ॲरिझोना येथील व्हेरिटास दुर्बिणींनी 2020 मध्ये हीच पद्धत पुन्हा वापरून दोन ताऱ्यांचे व्यास मोजले.